जुनी एसयूव्ही घेतली, आता गॅरेजला आधी काय सांगायचं?

गाडी विकायचं मनात आलं की माणूस तिच्यावर पैसे घालणं थांबवतो. सर्व्हिस पुढे ढकलली जाते, गुळगुळीत टायर 'अजून चालतील' म्हणून तसेच राहतात आणि ब्रेक लाइनरचा आवाज म्युझिक सिस्टमखाली दबतो. त्यामुळे जुनी एसयूव्ही घेतली की मागच्या मालकाने टाळलेली वर्ष-दोन वर्षांची कामं गाडीसोबत आपल्याकडे येतात. यात नवल काही नाही. फक्त गाडीच्या किमतीच्या दहा टक्के तरी रक्कम या कामांसाठी बाजूला ठेवावी आणि सीट कव्हर, अलॉय व्हील, मोठा स्क्रीन यांना त्या रकमेला हात लावू देऊ नये.

पुढचं सगळं एक उदाहरण समोर ठेवून सांगतो: २.२ लिटर एमहॉक डिझेल इंजिनाची, आठ-दहा वर्षं जुनी, लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली महिंद्राची स्कॉर्पिओ. महाराष्ट्रात अशा गाड्या भरपूर आहेत, पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात आणि ती बांधलेली आहे चॅसीवर, खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एसयूव्हीची सगळी कामं तिच्यात येतात. डस्टर, इकोस्पोर्ट, फॉर्च्युनर वगैरेंमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तो सांगेन.

एकच नियम धरून चाला: बिल नसेल तर काम झालेलं नाही. "ऑइल परवाच बदललंय", "क्लच नवीनच आहे" ही वाक्यं विकणाऱ्याने खऱ्या मनाने म्हटलेली असतील, पण त्यावर आपलं इंजिन ठेवू नये.

कागद आधी, पाना नंतर

आरसी तुमच्या नावावर झाली की नोंदणी क्रमांक आणि चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि जुनी नोंद मागा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, काय बदललं हे त्यांच्या संगणकात असतं. या यादीचे दोन उपयोग. एक, किलोमीटर मागे फिरवलेत का ते कळतं. २०२१ मध्ये ९८,००० वर आलेली गाडी आज ८५,००० दाखवत असेल तर पुढे बोलायची गरज नाही. दुसरा उपयोग जास्त कामाचा: ही नोंद कुठे थांबली ते बघा. बहुतेक गाड्या वॉरंटी संपली की बाहेरच्या गॅरेजला जायला लागतात. त्या तारखेपासून पुढचं सगळं झालेलं नाही असं धरून यादी करायची. त्याच फेरीत तुमच्या चॅसी नंबरवर एखादा रिकॉल राहिलाय का तेही विचारा. ते काम कंपनी फुकट करून देते.

आरटीओची कामं थोडक्यात. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते उतरवायला फॉर्म ३५, बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी म्हणजे फॉर्म २८. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या बऱ्याच एसयूव्ही इकडे स्वस्तात येतात. त्या घेताना इथला रोड टॅक्स भरायचा असतो, तो किमतीत धरा. विमा नावावर करायचा अर्ज मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत द्यावा लागतो. नाही दिला आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातली सवलत, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. राहिलेले ई-चलान, फास्टॅग, पीयूसी आणि २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, हे सगळं त्याच आठवड्यात उरकून टाका.

सकाळची थंड गाडी

गॅरेजला नेण्याआधी एक सकाळ घरी द्या. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, कारण गरम इंजिन बरंच काही लपवतं.

बॉनेट उघडा. कुलंटची टाकी बघा, रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. गरम असताना ते उघडून हात-तोंड भाजलेली माणसं प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असतात. आत स्वच्छ रंगीत कुलंट दिसलं तर ठीक. गंजाचं तांबूस पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतत आलंय. वर तेलकट साय तरंगत असेल तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) संशय घ्यायचा आणि बाकी सगळी कामं थांबवून आधी त्याचा निकाल लावायचा.

डिपस्टिक काढून पुसा, परत घालून पातळी बघा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्यावरून काही ठरत नाही. पण पातळी 'मॅक्स'च्या वर गेली असेल आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गळत असण्याची शक्यता असते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाडीत वारंवार अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळेही, म्हणजे ती काजळी जाळण्याच्या कामामुळेही, असं होतं. ऑइल दुधी दिसत असेल तर त्यात पाणी आहे.

आता सेल मारा. निरोगी गाडी लगेच उचलते. मागे एक माणूस उभा करा आणि धुराचा रंग बघायला सांगा. सुरुवातीला पांढरट धूर येऊन अर्ध्या मिनिटात गेला तर चिंता नाही, थंड इंजिन गरम करणारे ग्लो प्लग तेवढे तपासायचे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. रेस दिल्यावर काळा लोट येत असेल तर एअर फिल्टर, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर या क्रमाने शोधायचं. स्वस्त ते आधी.

इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून त्याच्यावर हात धरा. थोडी हवा येणं साहजिक आहे. पण झाकण नाचत असेल, भसाभसा धूर बाहेर येत असेल तर मेकॅनिक म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." हे इंजिन आतून झिजल्याचं लक्षण. यावर बाटलीतलं कुठलंही औषध चालत नाही. आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या, मगच बाकी खर्चाचा विचार.

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना बिघाड वाचायचं ओबीडी सॉकेट असतं, बहुधा स्टिअरिंगखाली. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो आणि मोबाइलवर बिघाडाचे कोड दाखवतो. कोड दिसले की पुसायची घाई करू नका, आधी लिहून ठेवा. आणि एकही कोड नसला तरी आठवड्याभराने, दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा लावा. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसून टाकणं हा दलालांचा रोजचा उद्योग आहे.

पुरातली गाडी ओळखायची असेल तर तीही याच सकाळी. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर, चिपळूणचा २०२१ चा पूर, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीट धुतली जाते, गाद्या बदलल्या जातात, पण बेल्टच्या गुंडाळीतला गाळाचा पट्टा कुणी धूत नाही. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवी बुरशी दिसली तर वायरिंगचा त्रास पुढची पाच वर्षं पुरेल.

थांबणारी गाडी आधी, पळणारी नंतर

इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. गॅरेजला पहिलं वाक्य जातं, "पिकअप कमी वाटतंय." दोन टनांच्या आसपासची गाडी, सात माणसं आणि वर कॅरियर. ही गाडी वरंधा घाटात उतरताना थांबेल का, हे आधी बघायला पाहिजे.

चारही चाकं काढायला सांगा. पुढे डिस्क आहेत. पॅडची जाडी दोन्ही बाजूंनी बघा. आतलं पॅड संपलेलं आणि बाहेरचं भरपूर शिल्लक, असं असेल तर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम झाल्या आहेत. नुसतं पॅड बदलून भागत नाही, पिना काढून साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावायला हवं. नाहीतर नवीन पॅडही तसंच एका बाजूने खाल्लं जाईल. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. मेकॅनिकच्या अंदाजापेक्षा व्हर्नियरवर विश्वास ठेवा.

मागे ड्रम आहेत, आणि चॅसीवरच्या गाडीत तिथे एक वेगळी भानगड असते. मागचा अॅक्सल अखंड असतो, त्यात डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) तेल असतं. अॅक्सलचं ऑइल सील गेलं की ते तेल ड्रममध्ये उतरतं आणि लाइनर तेलाने भिजतात. बाहेरून काही दिसत नाही, फक्त ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते आणि हँडब्रेक नावालाच राहतो. ड्रम काढल्यावर आत कोरडी काळी धूळ हवी. ओलसर चिकट थर दिसला तर बोट लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो आला तर अॅक्सल सील, नाही आला तर व्हील सिलिंडर. तेलाने भिजलेले लाइनर पेट्रोलने धुऊन परत बसवणारे महाभाग आहेत. ते करू देऊ नका, दोन्ही बाजूंचे लाइनर नवीन टाका.

ब्रेक ऑइल कुणी बदलत नाही, फक्त वरून भरतात. हे तेल हवेतली वाफ शोषून घेतं. नव्या डॉट-४ दर्जाच्या तेलाचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. लांबच्या उतारावर सतत ब्रेक मारला की तेल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. कोकणातून वर-खाली करणाऱ्यांनी हे काम दोन वर्षांतून एकदा करायचंच. डॉट-३ की डॉट-४ हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. गॅरेजमध्ये उघडी पडलेली बाटली वापरू देऊ नका, सीलबंद डबा समोर फोडून घ्या. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांतून स्वच्छ तेल येईपर्यंत काढायचं. क्लचही त्याच टाकीवर चालत असेल तर तोही ब्लीड करून, म्हणजे हवा आणि जुनं तेल काढून, घ्या, हे हमखास विसरलं जातं. त्याच वेळी चाकाजवळचे रबरी ब्रेक होज वाकवून बघा, भेगा असतील तर बदला.

टायरवर DOT या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही उरली असली तरी बदलायच्या यादीत टाका, कारण उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं रबर आधी कडक होतं आणि मग कडेला बारीक चिरतं. नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटरवर आडव्या पट्ट्या असतात. टायर तिथवर झिजला की कायद्यानेही तो संपला, पण पावसाळ्यात महामार्गावर जायचं असेल तर तिथवर थांबू नका. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, पंपावरच्या पोराच्या तोंडी नसतं.

आणि स्टेपनी खाली उतरवून बघा. स्कॉर्पिओची स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, आणि ती उतरवायची यंत्रणा चिखल-पाण्याने गंजून बसते. समृद्धीवर रात्री अकरा वाजता ती जाम असल्याचं कळण्यापेक्षा घराच्या अंगणात कळलेलं बरं. जॅक, पाना, उतरवायचा दांडा, तिन्ही वस्तू गाडीत आहेत का ते मोजून घ्या. विकताना हमखास एक तरी गायब असते.

सगळी तेलं, एकाच वेळी

गाडीतली सगळी तेलं एका झटक्यात बदलायची आणि तो दिवस शून्य मानायचा. तुकड्या-तुकड्यांनी केलं तर कशाची तारीख कधीची हे सहा महिन्यांत विसरतं.

इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर सगळ्यात आधी. ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. बीएस-६ डीपीएफ गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, तिथे जुन्या डिझेलचं जाडं ऑइल ओतलं तर डीपीएफ भरून जातो. ऑइल काढताना इंजिन कोमट असावं, चेंबरच्या बोल्टाचा वॉशर नवीन टाकावा. मागचा इतिहास माहीत नसेल तर इंजिन फ्लश नावाचं रसायन घालायचा आग्रह होतो. मी ते करत नाही. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर ऑइलच्या जाळीत अडकायची भीती असते. त्यापेक्षा साधं, योग्य ग्रेडचं ऑइल घालून दोन-अडीच हजार किलोमीटर चालवा आणि ते फिल्टरसकट पुन्हा बदला. आतला गाळ हळूहळू निघतो, आणि त्या काळात गाडी ऑइल खाते का तेही कळतं.

डिझेल फिल्टर हा कॉमन रेल (मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचा सगळ्यात स्वस्त विमा आहे. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्या आतल्या फटी केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. तिथे पाण्याचा थेंब पोहोचला की गंज धरतो आणि बिल हजारांतून लाखाकडे सरकतं. फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असेल तर फिल्टर काढण्याआधी तो सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं उभं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो, वर डिझेल. थर जाड असेल तर टाकीच उतरवून साफ करायला लागेल. नवा फिल्टर बसवल्यावर हवा काढल्याशिवाय सेल मारत बसू नये.

एअर फिल्टर फुंकून परत लावायची पद्धत आहे. पहिल्यांदा तरी नवीनच टाका आणि डब्याच्या आत हात फिरवा. फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला धूळ लागली तर इंजिनाने माती खाल्ली आहे. एसीचा केबिन फिल्टर काढाल तेव्हा आत काय निघेल याची तयारी ठेवा. शेताजवळ उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदराचं घरटं निघणं नवीन नाही, आणि उंदीर असले की वायरिंगही बघावं लागतं.

कुलंट पूर्ण काढून, साध्या डिस्टिल्ड पाण्याने एक-दोनदा धुऊन, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं नवीन भरायचं. रंगावर जाऊ नका. हिरवं-हिरवं जुळलं म्हणजे प्रकार जुळला असं नसतं, आणि दोन विसंगत कुलंट मिसळली तर आत चिखल होऊ शकतो. होज बोटांनी दाबून बघा. फार मऊ, फुगलेले किंवा दगडासारखे कडक झालेले असतील तर सगळे एकदम बदला. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या जागेत साचलेला मातीचा थर कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेर असा धुवायचा. जोराचा फवारा मारला तर पत्र्याच्या नाजूक पात्या लोळतात.

आता खालची तेलं, म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि फोर व्हील असेल तर पुढच्या चाकांनाही ताकद देणारी ट्रान्स्फर केसही. ही तेलं गाडीच्या जन्मापासून एकदाही बदललेली नसतात असं धरलं तर फारसं चुकत नाही. इथे एक गोष्ट मेकॅनिकला ठणकावून सांगा: भरायचा प्लग आधी उघडा, काढायचा नंतर. भरायचा प्लग गंजून बसला असेल आणि तेल आधीच खाली सांडून गेलं असेल, तर गाडी तिथेच लटकते. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलं असेल तर जीएल-५ घालू नका, त्यातली रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देऊ शकतात. डिफरन्शियलला मात्र बहुधा जीएल-५ च लागतं.

प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. मऊ राखाडी लेप ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर आत बेअरिंग किंवा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) बोलतंय. तेल दुधी निघालं तर गाडी खोल पाण्यातून गेली आहे. अशा वेळी डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे हवा सुटायची वाट, मोकळा आहे का तेही बघा. तो चिखलाने बुजला की आतला दाब सील फोडून बाहेर येतो आणि मघाचे ते लाइनर पुन्हा भिजतात.

प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, ग्रीस निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा. गाडी निघताना खालून 'टक' असा आवाज येतो, त्यातले निम्मे आवाज इथेच सापडतात. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ओल्या मातीवर किंवा मुरमावर ती एकदा घालून-काढून बघा आणि महिन्यातून एकदा असं करत राहा. कोरड्या डांबरावर मात्र पार्ट-टाइम फोर व्हील घालून वळू नये, ट्रान्स्फर केसवर विनाकारण ताण येतो.

टायमिंग बेल्ट की चेन

इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवायला एकतर रबरी बेल्ट असतो किंवा लोखंडी चेन. या एका प्रश्नावर इंजिनाचं आयुष्य ठरतं. एमहॉकला चेन आहे, त्यामुळे ऑइल वेळेवर बदललं आणि थंड इंजिनात खडखड नसेल तर तिला हात लावायचं कारण नाही. डस्टरच्या १.५ डिझेलला, इकोस्पोर्टच्या १.५ डिझेलला आणि पहिल्या पिढीतल्या ३.० लिटर फॉर्च्युनरला बेल्ट आहे. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. यातलं जे आधी येईल ते. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर वरून चांगला दिसतोय या बोलण्यावर जाऊ नका. बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकाच वेळी टाका, मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

बाहेरचा फॅन बेल्ट सगळ्यांनाच असतो. उलटा करून बघा, आडव्या भेगा दिसल्या तर बदला.

खाली आडवं होऊन

गाडी लिफ्टवर घ्या. लिफ्ट नसेल तर भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, मेकॅनिकसुद्धा.

चॅसीची पूर्ण लांबी टॉर्चने बघा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, अलिबाग इकडच्या गाड्यांना खारी हवा लागते, आणि गंज आतून बाहेर येतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज बरा, भदभद आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर तिथे पत्रा गेलाय. नुकताच काळाकुळकुळीत रंगवलेला चॅसी दिसला तर मी जास्त वेळ घालवतो, कारण गंजावर कोटिंग मारलं की तो दिसत नाही, पण आत वाढत राहतो. वेल्डिंगच्या ताज्या रेषा सस्पेन्शनच्या जोडण्यांजवळ असतील तर अपघात किंवा गंज, दोन्हीपैकी एक झालंय.

सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड हे पहारीने हलवून बघायचे. बॉल जॉइंट आणि टाय रॉड हे सुरक्षेचे पार्ट, यात काटकसर नाही. बुश आणि शॉकअप थोडे थांबू शकतात, पण शॉकअपमधून तेल ओघळत असेल तर दोन्ही बाजूंचे जोडीने टाका. व्हील अलाइनमेंट हे काम संपल्यावरच, आधी केलं तर पैसे वाया.

बॅटरी, अल्टरनेटर आणि एसी यांच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर पुढे चला. एसी गार होत नाही म्हणून लगेच गॅस भरू नका, गॅस गेला कुठून ते आधी शोधायला सांगा.

गॅरेज आणि पार्ट

कामाची यादी छापून न्या आणि प्रत्येक ओळीपुढे अंदाजे किंमत लिहून मागा. जुने पार्ट परत हवेत हे सुरुवातीलाच सांगा. ते घरी न्यायचे नसतात, पण परत द्यायचे आहेत हे माहीत असलं की नवीन खरंच बसतो. फिल्टर, ब्रेकचे पार्ट आणि बेल्ट कंपनीच्या काउंटरवरून किंवा ओळखीच्या डीलरकडून बिलासकट घ्या. पुण्यात नाना पेठेत निम्म्या किमतीत सगळं मिळतं हे खरं आहे, आणि तिथे चांगले दुकानदारही आहेत, पण नकली खोकं ओळखता येत नसेल तर ब्रेक पॅडवर प्रयोग नको. दाराची काच, आरसा, टेललाइट असल्या गोष्टी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेल्या आणायला काहीच हरकत नाही.

सगळं एकाच फेरीत परवडत नसेल तर क्रम असा ठेवा: ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे; मग इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर, कुलंट आणि असेल तर टायमिंग बेल्ट; मग खालची तेलं; मग सस्पेन्शन. डेंट, पॉलिश आणि सीट कव्हर दिवाळीपर्यंत थांबतात.

एक वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणतं ऑइल आणि पुढची तारीख. पाचशे किलोमीटर झाल्यावर सपाट जागी पुठ्ठा पसरून रात्री त्यावर गाडी उभी करा आणि सकाळी कुठे काय ठिपकलंय ते बघा. लालसर ठिपका बहुधा पॉवर स्टिअरिंगचा, काळा इंजिनाचा, रंगीत पाण्यासारखा आणि गोडसर वासाचा असेल तर कुलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर त्याच दिवशी गॅरेज. चाकांचे नट या टप्प्यावर पुन्हा आवळून घ्या, बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा आणि स्कॅनर परत एकदा लावा.